ज्ञानीचा डावा हात

कौतुकाने माणूस आंधळा होतो म्हणतात, ते काही खोटं नाही. कोपरगावच्या मैदानावर अंतिम सामना सुरू व्हायच्या जरा आधी जयभद्रा मंडळाचे प्रशिक्षक सहादेव पैलवान आपणहून क्रिस्टीना साळवेजवळ आले आणि म्हणाले, "ताई, तुमचं लिखाण लई बारीक असतं हो! आमी सगळे वाचतो." झालं, बया फुलली! समोरच्या संघाचा गुरू आपलं लिखाण एवढं मन लावून का वाचत असेल, हा प्रश्न तिच्या डोक्याला शिवलासुद्धा नाही. उलट तिने हात जोडून आभार मानले.

तशी पोरगी हुशार. पुणतांब्याच्या ई-सेवा केंद्रात दिवसभर लोकांचे सातबारे आणि जातीचे दाखले काढून द्यायची. ब्लॉग लिहायला लागली ती निव्वळ रागापोटी. गावच्या मुलींचा गोदातीर संघ कबड्डीत तालुक्यात पहिला आला, आणि पेपरात आली एकच ओळ. त्या एका ओळीतही कर्णधार म्हणून नाव छापलेलं हरलेल्या संघातल्या मुलीचं! क्रिस्टीनाचं टाळकंच सरकलं. "तुम्ही लिहीत नाही ना, मग मी लिहिते," म्हणाली, आणि मोबाईलवर अख्खा सामना लिहून काढला. तेव्हापासून एकही सामना तिने चुकवला नाही. लिहायची ती फक्त गोदातीरबद्दल. समोरचा संघ म्हणजे तिच्या लेखी नुसती अडचण, त्याच्याकडे ती धड बघायचीही नाही.

लोक वाचायला लागले. पुण्यात कामाला गेलेली गावची पोरं वाचायची, लग्न होऊन गेलेल्या जुन्या खेळाडू वाचायच्या. पण क्रिस्टीनाच्या दृष्टीने खरी कमाई वेगळीच होती. संघाचे प्रशिक्षक गोरक्ष सर एकदा म्हणाले, "एसटीनं कशाला येती? टेम्पोत बस आमच्याबरोबर." शाळेत असताना पळताना हिला धाप लागायची, त्यामुळे कुठल्याच खेळात हिला कुणी घेतलं नव्हतं. टेम्पोत मागच्या फळीला टेकून, पोरींच्या गाण्यांत आणि कांदाभज्यांच्या वासात बसायला मिळालं, तेव्हा तिला वाटलं की आता आपणही संघातच आलो. ती जागा तिला जीव की प्राण होती.

त्याच जिवापाड प्रेमाने तिने परवा घात केला. उपांत्य सामना जिंकल्यावर तिने ज्ञानीवर लांबलचक लेख लिहिला. ज्ञानी म्हणजे ज्ञानेश्वरी, संघाची कर्णधार, तिच्यासारखी चढाई करणारी पोरगी अख्ख्या राहाता तालुक्यात नाही. लेखात एक ओळ अशी होती: "चढाईला निघताना ज्ञानी मातीला हात लावून कपाळाला लावते. नीट बघा, डावीकडे शिरायचं असलं की डावा हात, उजवीकडे शिरायचं असलं की उजवा. तिचं तिलाही हे माहीत नसेल!" त्या लेखाखाली लोकांनी लाल बदामांचा नुसता पाऊस पाडला होता. क्रिस्टीना रात्रभर ते बदाम बघत बसली होती.

पंचांची शिट्टी वाजली. मांडवाखाली जिल्ह्याची निवड समिती बसली होती आणि ज्ञानीचं जिल्ह्याच्या संघात जाणं या एका सामन्यावर अडलं होतं. पहिल्या चढाईला ज्ञानीने डावा हात मातीला लावला, कपाळाला लावला आणि कबड्डी कबड्डी करत डावीकडे शिरली. डावीकडे तिघी आधीच दबा धरून होत्या. घोटा धरला, साखळी पडली, ज्ञानी बाद.

"असू दे, असू दे!" क्रिस्टीना ओरडली.

पुन्हा आत आल्यावर पुढच्या चढाईला ज्ञानीने उजवा हात लावला. या वेळी गर्दी उजवीकडे. पुन्हा बाद. पोरी एकमेकींकडे बघायला लागल्या. गोरक्ष सरांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर आपटली. असं कधी झालं नव्हतं, ज्ञानी एका सामन्यात फार तर एकदा सापडायची.

तिसऱ्यांदा ज्ञानी मातीला वाकली, आणि क्रिस्टीनाने आयुष्यात पहिल्यांदा समोरच्या संघाच्या बाकाकडे पाहिलं. सहादेव पैलवान मैदानाकडे बघतच नव्हते, ते फक्त ज्ञानीच्या हाताकडे बघत होते. हात मातीला लागला, तशी त्यांनी मांडीवर बोटं आपटली. बचावातल्या पोरी सरकल्या. पैलवानांच्या दुसऱ्या हातात मोबाईल होता.

देवा, हे मी काय केलं? गप्प राहावं का? कुणालाच कळणार नाही, वाटेल ज्ञानीचा दिवसच वाईट होता. सांगितलं तर टेम्पो संपला, पोरी संपल्या, सगळं संपलं. पण गप्प बसलं तर समिती ज्ञानीच्या नावावर काट मारून उठणार, आणि ते पाप डोळ्यांदेखत होणार. मध्यंतराची शिट्टी झाली तेव्हा गोदातीर चांगलंच मागे होतं.

शेवटी ती गेली. पोरी पाणी पीत कोंडाळं करून बसल्या होत्या. तिथे उभी राहून तिने सगळं सांगितलं. हाताचं, लेखाचं, पैलवानांच्या बोटांचं. सांगताना तिच्या डोळ्यांना धारा लागल्या.

ज्ञानीने आपले दोन्ही तळहात उलटसुलट करून पाहिले, जणू ते दुसऱ्या कुणाचे होते. मग म्हणाली, "ताई, सगळ्या दुनियेला सांगितलंस. मला न्हाई सांगितलं." एवढंच बोलली. शिव्या दिल्या असत्या तर क्रिस्टीनाला बरं वाटलं असतं.

गोरक्ष सर मात्र तापले होते, पण डोकं चालत होतं त्यांचं. "रडायचं मागनं बघू. त्ये तुझं वाचत्यात ना? मग आत्ताच्या आत्ता लिही. ज्ञानीचा गुडघा फिरला, दुसऱ्या डावात ती नावापुरतीच हाय. लिही! त्ये गाफील राहत्याल. तू केलंय, तूच निस्तर."

क्रिस्टीनाने मोबाईल काढला. ओळ लिहिलीसुद्धा. दर मध्यंतराला ती चार ओळी टाकायचीच, आजही सगळे वाट बघत असणार. तिचा अंगठा बटणावर आला, आणि तिला बनुबाई दिसली. ज्ञानीची आई. संध्याकाळच्या धारा टाकून सामन्याला यायची तिची सोय नव्हती, आणि वाचता येत नव्हतं. म्हणून शेजारची पूजा मोबाईल घेऊन गोठ्यात बसायची आणि क्रिस्टीनाची ओळ न् ओळ तिला वाचून दाखवायची. लेकीचा गुडघा फिरला हे ऐकल्यावर ती माउली काय करील?

"न्हाई लिहिणार सर," क्रिस्टीना म्हणाली. "बनुमावशी ऐकत्यात. आणि मी आजवर खोटं लिहिलेलं न्हाई."

"खरं लिहून तर वाटोळं केलंस!"

"व्हय. केलं. पण खोटं न्हाई लिहिणार."

"मंग आमच्या टेम्पोत बसू नको," सर म्हणाले आणि पाठ फिरवली. क्रिस्टीनाने ती ओळ पुसली. ज्ञानी तिच्याकडे बघत होती.

दुसरा डाव सुरू झाला. ज्ञानी पहिल्यांदा मातीला हात न लावताच निघाली आणि मधूनच परत आली. तिचा जीवच घुसमटला. ज्या मातीत उतरायचं तिच्या पाया पडल्याशिवाय तिचं पाऊल कधी उचललं नव्हतं, आज कसं उचलावं? पुढच्या वेळी तिने दोन्ही हात टेकले. पैलवानांची बोटं अधांतरी राहिली. जयभद्राच्या पोरी गोंधळल्या, ज्ञानीने एकीला शिवून गुण आणला. मग पुन्हा दोन्ही हात, पुन्हा गुण. गोदातीरच्या पोरींच्या पकडी, ज्ञानीच्या चढाया, गुणफलक हळूहळू सरकत राहिला. मांडवाखालचे लोक पुढे झुकून बसले. क्रिस्टीना मैदानाच्या कडेला एकटीच उभी होती. जिथे नेहमी पोरींच्या चपला सांभाळत बसायची तिथे जायची तिची हिंमत नव्हती.

शेवटची चढाई आली तेव्हा गोदातीर एका गुणाने मागे होतं. जिंकायचं तर दोघींना शिवून परत यायला हवं होतं. ज्ञानी मध्यरेषेशी आली. थांबली. मान वळवून तिने गर्दीत क्रिस्टीनाला शोधलं आणि तिच्याकडे क्षणभर बघितलं. मग वाकली, आणि सगळ्यांना नीट दिसेल असा फक्त डावा हात मातीला लावला. सावकाश कपाळाला लावला.

"फसू नका!" सहादेव पैलवान उठून ओरडले. "तिला कळलंय आता! ती उलटं करणार! तिच्या उजवीकडं धरा, उजवीकडं!"

जयभद्राच्या पोरी ज्ञानीच्या उजवीकडे सरकल्या. ज्ञानी डावीकडे गेली.

जसं लिहिलं होतं अगदी तसंच. डावा कोपरा उघडा पडला होता. तिथे राहिलेलीच्या खांद्याला हात लागला, तिला वाचवायला धावून आलेलीच्या गुडघ्याला पाय लागला, आणि मागून कुणीतरी कंबर धरायच्या आत ज्ञानीने अंग झोकून देऊन रेषेवर बोटं टेकवली. डाव्या हाताची. पंचांनी दोन बोटं वर केली आणि गोदातीरच्या पोरी किंचाळत मैदानात घुसल्या. क्रिस्टीना जागच्या जागी मटकन बसली आणि हमसून हमसून रडली.

ढाल मिळाली. समितीतल्या एका माणसाने ज्ञानीला बोलावून जिल्ह्याच्या यादीसाठी तिचं आधार कार्ड मागितलं, तेव्हा गोरक्ष सरांनी आनंदाने टोपी उडवली. मग टेम्पोपाशी आल्यावर त्यांना क्रिस्टीना दिसली आणि ते जरा वरमले. "चढ, बस. झालं गेलं गंगेला मिळालं. पण हितनं म्होरं लिहिलेलं आधी मला दाखवायचं. मी व्हय म्हणलं तरच टाकायचं."

क्रिस्टीनाने मागच्या फळीजवळच्या जागेकडे पाहिलं. जागा रिकामीच होती.

"ते न्हाई जमणार, सर."

"मग एसटी हाय," सर म्हणाले.

पुणतांब्याच्या गाडीत तिला खिडकी मिळाली. गाडी निघायला आली आणि दारात गलका झाला. कंडक्टर म्हणत होता, "अवो, एवढं मोठं काय आणताय? त्याचं बी तिकीट काढा!" आणि दोन्ही हातांनी ढाल छातीशी धरून ज्ञानी आत येत होती.

"ताई, सरक."

क्रिस्टीना सरकली. उसाच्या ट्रॅक्टरमागे गाडी रखडत चालली होती.

"आईचा फोन आल्ता," ज्ञानी म्हणाली. "पूजा मोबाईल धरून बसलीय, आन तुझं मध्यंतरापासनं काईच न्हाई. म्हातारी लई घाबरलीय. मी सांगितलं जिंकलो म्हणून, तर म्हनती क्रिस्टीनाचं येऊ दे, मग खरं."

क्रिस्टीनाने मोबाईल काढला आणि लिहायला लागली. पकडी लिहिल्या, मागे पडलो ते लिहिलं, कुणामुळे मागे पडलो तेही आपलं नाव घालून लिहिलं. शेवटच्या चढाईशी येऊन मात्र ती थांबली.

"ज्ञाने, आधी तुला वाचून दाखवते."

"सरांना न्हाई म्हणलीस की!"

"हात सरांचा न्हाई. तुझा हाय."

ज्ञानीने ढालीवर हनुवटी टेकवली आणि डोळे मिटून सगळं ऐकलं. एके ठिकाणी तिने जयभद्राच्या एका खेळाडूचं चुकलेलं नाव सुधारलं. शेवटच्या चढाईत हाताबद्दल एक अक्षर नव्हतं, एवढंच होतं की ज्ञानी डावीकडे गेली. ऐकून झाल्यावर तिने तळहाताला चिकटलेली माती ओढणीला पुसली.

"आता टाक," ती म्हणाली.