तपासले, पूर्वीप्रमाणे

आरोग्य खात्याच्या छपाई विभागात तपासनिसाच्या टेबलावर दरवर्षी एकदा गांजाचं माहितीपत्रक येई. हिरवट कागद, तीन घड्या, बारा वाक्यं. शाळा, दवाखाने, तुरुंग, बसस्थानकं, सगळीकडे हाच कागद जायचा. छापण्याआधी तपासनिसाने प्रत्येक वाक्यासमोर बरोबरची खूण करायची, खाली 'तपासले' लिहायचं आणि सही ठोकायची; ती सही पत्रकावरही छापून येई. सव्वीस वर्षं तो हे करत होता आणि कामाचा त्याला अभिमानही होता. तापाच्या पत्रकात लहान मुलांचा डोस एका शून्याने फुगला होता, तो त्यानेच पकडला. पाणी किती मिनिटं उकळावं याच्या दोन पत्रकांतला फरक त्यानेच दाखवला. खात्यात त्याला 'चाळणी' म्हणत, आणि ते ऐकून तो मनातल्या मनात सुखावत असे.

गांजाच्या पत्रकापाशी मात्र ही चाळणी पार फाटलेली होती. बारांतली पाच वाक्यं खरी होती. ओढून गाडी चालवू नका. कोवळ्या वयात सुरुवात केली तर नुकसान जास्त. घरात कुणाला मनाचा मोठा आजार असेल तर हातही लावू नका. गरोदरपणात घेऊ नका. सवय लागू शकते. उरलेली सात कुणीतरी कधीकाळी तावातावाने लिहून ठेवलेली. एकदा ओढला तरी माणूस कायमचा वेडा होतो. ओढणारा शेवटी खून करतो. मेंदू सुकून सुपारीएवढा होतो. आणि नववं वाक्य: 'गांजाचा कोणताही औषधी उपयोग नाही, आणि आहे असे सांगणारा तुमचा शत्रू आहे.'

खरं आणि खोटं एकाच टाइपात, एकाच शाईत, शेजारी शेजारी बसवलं होतं. त्यातलं खरं कोणतं ते वाचणाऱ्याने ओळखायचं कसं? उनाड पोरं सुपारीएवढ्या मेंदूवर हसून कागदाची विमानं करत, आणि त्या विमानांबरोबर ती पाच खरी वाक्यंही उडून जात. सज्जन माणसं सगळं जसंच्या तसं मानत. दोघांचंही वाटोळं करायची सोय खात्याने एकाच कागदावर करून ठेवली होती.

तपासनिसाला हे कळत नव्हतं असं नाही. नोकरीच्या तिसऱ्याच वर्षी त्याने चार पानी टिपण लिहिलं होतं, संशोधनाचे कागद जोडले होते. गांजातल्या काही घटकांनी काही रुग्णांच्या उलट्या थांबतात, काहींच्या वेदना थोड्या कमी होतात, हे त्यात स्पष्ट होतं. पाच महिन्यांनी टिपण परत आलं. वर लाल शाईत एकच शब्द होता: 'पूर्वीप्रमाणे'.

साहेबांनी त्याला बोलावून खुर्ची दिली, चहाही मागवला.

"तुमचं बरोबर आहे हो," ते म्हणाले. "पण उद्या आपण म्हणायचं का, की इतकी वर्षं थापा मारल्या? मग लोक बाकीचं तरी ऐकतील का? आणि नियम माहीत आहे ना?"

नियम त्याला पाठ होता. नवं वाक्य घालायचं तर पाच सह्या लागत. जुनं छापायचं तर फक्त एक खूण. जुनं काढायचं असेल तर आठ सह्या, आणि वर एक खुलासा: हे वाक्य आजवर का छापलं गेलं? तो खुलासा कुणी लिहायचा? ज्याने शेवटची खूण केली त्याने. थोडक्यात, चूक दाखवणाऱ्यानेच आपल्या गळ्यात फास अडकवून घ्यायचा, अशी ती पक्की व्यवस्था होती. तपासनिसाने शेपूट घातली. पुढच्या वर्षापासून साहेबांना लाल शाई खर्च करावी लागली नाही. तो स्वतःच लिहू लागला, 'तपासले, पूर्वीप्रमाणे'.

आता निवृत्तीला आठ महिने उरले होते आणि घरात बायको अंथरुणाला खिळली होती.

ती एकतीस वर्षं शाळेत शिकवत होती. कर्करोगाच्या औषधाचे तीन हप्ते झाले आणि तिच्या पोटात पाण्याचा घोटही टिकेना. उलट्यांची तीन प्रकारची औषधं देऊन झाली. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या तशा तिने त्या काढून ठेवल्या. डॉक्टरीणबाईंनी सोमवारी वजन केलं आणि तपासनिसाला बाहेर बोलावून सरळ सांगितलं, "अजून दोन किलो उतरलं तर चौथा हप्ता मी देऊ शकणार नाही. आणि तो चुकला तर आजार आवरणार नाही." दोन वर्षांपूर्वी कायदा बदलला होता, त्यामुळे त्यांनी एक बाटली लिहून दिली. "जादू नाही ही. कुणाला लागू पडते, कुणाला नुसती चक्कर येते. पण आता एवढंच शिल्लक आहे. शुक्रवारी पुन्हा वजन करू."

घरी आल्यावर बायकोने चष्मा लावून बाटलीवरचा कागद वाचला. शिक्षिकाच ती, औषध न वाचता घेईल कशी?

"अहो, हे गांजाचं आहे."

"शुद्ध केलेलं आहे. थेंब मोजून घ्यायचे."

"'कोणताही औषधी उपयोग नाही.' कोणताही म्हणजे कोणताही." तिला धाप लागली, तरी ती थांबली नाही. "दरवर्षी पोरांकडून म्हणून घेतलंय मी हे. खाली तुमची सही असायची. मी वर्गात सांगायचे, हे आमच्या घरात तपासलं जातं."

तिने बाटली खिडकीत नेऊन ठेवायला लावली. मंगळवारी त्याने विषय काढला, तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. मंगळवारी संध्याकाळी अर्धं बिस्किट खाल्लं, तेही उलटून पडलं.

तिचा हट्ट नुसता कागदावरच्या विश्वासाचा नव्हता, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. अकरा वर्षांपूर्वी याच खोलीत तिची आई हाडांच्या कर्करोगाने तळमळत होती. बायकोचा धाकटा भाऊ, सुतारकाम करणारा, कुठूनसं तेल घेऊन आला आणि आईला दुधातून चार थेंब देऊ लागला. दोन रात्री म्हातारी शांत झोपली. तिसऱ्या सकाळी तिने स्वतःहून चहा मागितला. त्याच दिवशी बायकोच्या हाती ती बाटली लागली आणि घरात रणकंदन माजलं. तिने पिशवीतून पत्रक काढून भावाच्या तोंडावर नववं वाक्य वाचलं, शत्रूसकट.

भाऊ तिच्याशी भांडला नाही. तो तपासनिसाकडे वळला. "भाऊजी, तुमचं कामच आहे हे. तुम्ही सांगा. हे खरं आहे का?"

आणि तपासनीस म्हणाला होता, "खात्याचं पत्रक आहे. तपासलेलं आहे."

बाटली मोरीत रिकामी झाली. भावाला घराचा दरवाजा बंद झाला. म्हातारी त्यानंतर एकोणीस दिवस जगली, आणि ते एकोणीस दिवस शेजारपाजारचेही विसरले नसतील. आईला नेलं तेव्हा भाऊ मागे, लोकांच्या पाठीआड उभा राहिला आणि कुणाशी न बोलता निघून गेला. आता या बाटलीतले थेंब घेणं म्हणजे त्याचं बरोबर होतं हे कबूल करणं. त्यापेक्षा मेलेलं बरं, असं तिला वाटत असावं.

बुधवारी दुपारी ती पलंगाच्या कडेला बसून नुसती कोरडी ओकत होती. बाहेर काही येत नव्हतं, तरी शरीर थांबत नव्हतं. तिची पाठ धरून बसलेल्या तपासनिसाच्या हाताला एक एक मणका लागत होता. त्याचा धीर सुटला.

"ते वाक्य खोटं आहे," तो म्हणाला.

तिने तोंड पुसलं. "कोणतं?"

"नववं. ते आधीपासूनच खोटं आहे. तू घे हे औषध. तुझ्या पाया पडतो."

"तुम्हाला कधी कळलं?"

सुटायला वाट होती. दोन वर्षांपूर्वी, कायदा बदलला तेव्हा, एवढं म्हटलं असतं तरी निभावलं असतं. तिने मानलंही असतं, आजवर त्याचं सगळं मानत आली होती तसं. ते शब्द त्याच्या जिभेवर आलेही होते. पण या बाईला आता आणखी एक वाक्य तपासलेलं म्हणून द्यायचं, याची त्याला स्वतःचीच किळस आली.

"तेवीस वर्षं झाली," तो म्हणाला.

तिने हिशोब मनात केला नाही, बोटांवर केला, वर्गात करायची तसा. मग हात मांडीवर ठेवले.

"त्याने तुम्हाला विचारलं होतं. माझ्यासमोर."

"हो."

"मी तुमच्या तोंडाकडे बघत होते. तुम्ही नाही म्हणाला असतात तर मी ऐकलं असतं हो."

तो रडू लागला. तिने त्याला रडू दिलं, पण त्याच्या खांद्यावर हात ठेवला नाही.

"यंदाचं कधी छापतात?" तिने विचारलं.

"पुढच्या आठवड्यात."

"मग काढा ते वाक्य."

"खुलासा मलाच लिहावा लागेल. चौकशी लागेल." आणि मग, आपण काय बोलतोय हे कळायच्या आत, तो म्हणून गेला, "आठच महिने राहिलेत गं."

तिने मान हलवली, जणू एवढंच तिला ऐकायचं होतं. "मला फोन द्या," ती म्हणाली. "आणि तुम्ही स्वयंपाकघरात बसा."

तासाभरात भाऊ आला. केसांत लाकडाचा भुसा तसाच होता, पायांत कामावरच्या चपला. दारात तपासनीस दिसला तेव्हा त्याने नुसतं "ताई कुठेय?" विचारलं आणि आत गेला. बहीणभाऊ आधी काय बोलले ते स्वयंपाकघरात ऐकू आलं नाही. मग भावाचा आवाज आला, मोजणारा: एक, दोन, तीन. तिने त्याच्या हातून थेंब घेतले.

दीड तासाने तिने टोस्ट मागितला. तपासनिसाने भाजून दिला, भावाने दारातूनच ताटली घेतली. एक उलटी झाली, पण एकच. नंतर उरलेला अर्धा टोस्ट पोटात राहिला.

ऊन उतरायला लागलं तसा तिच्या आवाजात थोडा जीव आला.

"आईचं तुला सांगायचंय," ती म्हणाली. "तुला मी काही बघू दिलं नाही."

"राहू दे ताई."

"नाही. तू ऐक."

आणि ती सांगू लागली. तू गेलास त्या रात्रीपासून सुरू झालं. कूस बदलली तरी किंकाळी फोडायची. चौथ्या दिवशी चादरीचं टोक दातांत धरायला लागली. शेजारणीने मुलांना माहेरी पाठवलं. दहाव्या दिवशी तुझं नाव घेऊन म्हणाली, त्याला सांग ते दूध घेऊन ये. मी म्हटलं, आई, ते विष आहे. मधूनच भावाचा नाक ओढल्याचा आवाज येई.

"नंतर तिने ओळखणंच सोडलं," ती म्हणाली. "कितव्या दिवशी रे... बाराव्या? तेराव्या?"

भावाला ते ठाऊक असायचं कारणच नव्हतं. तिलाही नीट आठवेना.

"चौदाव्या," स्वयंपाकघरातून तपासनीस म्हणाला. "सकाळी."

मग भावाने उठून मधलं दार लावून घेतलं, आणि ती पंधराव्या दिवसाचं सांगू लागली.