दाजींचा मान

शेषेराव दाजी येणार म्हटलं की कुसुम धास्तावायची. माणूस वाईट म्हणून नव्हे हो, माणूस सोन्यासारखा. हदगावहून एसटीनं हाडं खिळखिळी करून घेत लातूरला यायचा, पोरीसाठी पेढ्याचा पुडा आणायचा, कुसुमशी मान वर करून बोलायचा नाही. पण तो दारात दिसला की कुसुमचा नवरा व्यंकट आधी कोपऱ्यावरच्या टपरीवर पळायचा. बिडीचं बंडल, काडेपेटी, पितळी ताटलीत सुपारी अन् अडकित्ता. बंडल आपल्या हातानं फोडायचं, पहिली बिडी काढून द्यायची, काडीसुद्धा आपणच ओढून धरायची. थोरल्या बहिणीचा नवरा! त्याचा मान राखायला नको? व्यंकट स्वतः मात्र बिडीला शिवत नव्हता.

आणि घरात शिल्पा, एकुलती एक लेक, तिला दमा.

घर म्हणजे क्लासवाल्या गल्लीतल्या दीड खोल्या. वर फिजिक्सचे सर, समोर केमिस्ट्रीचे, भिंतीभिंतीवर नंबरात आलेल्या पोरांचे फोटो. व्यंकट डाळमिलमध्ये वजनकाट्यावर होता. गाव भूकंपात गेलं तेव्हा लातूरला आलेली ही माणसं, पोरीला डॉक्टर करायचं या एका गोष्टीवर जगत होती. पोरगीही तशीच जिद्दीची. बारावीला होती, सराव परीक्षेत वर्गात दुसरी आली होती. दम्याचा पंप दप्तरात असायचा. इतर वेळी ठीक, पण धूर लागला की छातीत शिट्टी वाजायला लागायची.

मग सांगायचं ना सरळ, बाहेर जाऊन ओढा म्हणून! असं तुम्ही म्हणाल. म्हणायला काय जातंय? ऐका आधी. त्र्याण्णव साली ती जमीन हलली त्या पहाटे दाजी एकटेच सासुरवाडीला आलेले. सासऱ्यासमोर बिडी ओढायची नाही, म्हणून झुंजूमुंजू व्हायच्या आत उठून गोठ्यामागं जाऊन बसले होते. तेवढ्यात घर बसलं. सासू-सासरे आतच गेले. व्यंकट अन् कुसुम शेतावर वस्तीला होते. दाजींनी नखं जाईस्तोवर दगडमाती उकरली आणि आठ वर्षांच्या शिल्पाला जिवंत बाहेर काढलं. छातीत गेलेला धुरळा तेवढा राहिला. "दाजी बिडी वढायला भाईर गेले म्हणून माझी लेक हाय," व्यंकट येईल त्याला सांगायचा आणि डोळे पुसायचा. आता त्या माणसाला कुठल्या तोंडानं सांगणार होती कुसुम?

दोन हजार तीनचा मार्च. शिल्पाचा बायॉलॉजीचा पेपर दुसऱ्या दिवशी अकराला, आणि संध्याकाळी दाजी हजर. "पोरीला आशीर्वाद द्यायला आलो," म्हणाले. कुसुमनं हसून पाणी दिलं आणि मनात कपाळाला हात लावला. जेवणं झाली, ताटली आली, बंडल फुटलं. शिल्पा पुस्तक घेऊन स्वयंपाकघरात गेली. मधे दार कसलं, जुन्या लुगड्याचा पडदा. धूर त्याला विचारतोय का?

सकाळी भाकरी थापता थापता कुसुमनं वाक्य जुळवलं. 'दाजी, पोरीचा पेपर हाय, तिला धूर सोसत न्हाई, तेवढं भाईर वढा.' चार वेळा मनात म्हणून पाहिलं. चहा घेऊन बाहेर गेली. व्यंकट काडी ओढतच होता. दाजींनी झुरका घेतला आणि तिच्याकडं पाहिलं, आणि जुळवलेलं वाक्य भलतंच होऊन बाहेर पडलं.

"दाजी," ती कशीबशी म्हणाली, "भाईर वट्ट्यावर वारं लई छान हाय."

दाजी लगेच उठले की! अर्धी बिडी बशीत विझवली आणि पायात चप्पल सरकवायला लागले. कुसुमच्या जिवात जीव आला. पण व्यंकटनं त्यांचा हात धरला. "बसा दाजी! जावायाला काय वट्ट्यावर बसवायचं व्हय? गल्ली थुकंल माझ्या तोंडावर!" बायकोकडं त्यानं असं पाहिलं की तिनं मान खाली घातली. दाजी अवघडून बसले. त्यांना राग आला असं व्यंकटला वाटलं, म्हणून त्यानं दुसरी बिडी काढली, काडी पेटवून पुढं धरली. दाजींनी घेतली.

साडेआठला शिल्पा पाटावरून उठली ती भिंत धरूनच. पंप दोनदा मारला, तीनदा मारला. ओठ निळे पडले. ऑटो आणा, पाणी आणा, एकच धावपळ. दाजींनीच तिला उचलून ऑटोत ठेवलं. दवाखान्यात सुई झाली, वाफ दिली. अकरा वाजले तेव्हा तिच्या तोंडावर मास्क होता आणि ती भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होती. बोलता येत नव्हतं. डोळ्यांतून नुसतं पाणी. कुसुम घड्याळासमोर जाऊन उभी राहिली, पोरीला ते दिसू नये म्हणून. दुसरं काय करणार होती!

"कशानं झालं वो असं?" दाजींनी विचारलं. चेहरा पांढराफटक.

"अभ्यासाचं टेन्शन घेतलं दाजी तिनं," व्यंकट म्हणाला. कुसुमनंही मान हलवली. पाव्हण्याला वाईट वाटायला नको!

ऑक्टोबरला पुन्हा बसू दे, असं वरचे सर सांगून गेले. व्यंकटनं ऐकलं नाही. पोरीचा जीव मोठा की डॉक्टरकी, म्हणाला. आत कुठंतरी त्याचं काळीज फाटलं होतं, पण ते कबूल कोण करणार? उमरीचं स्थळ आलं, जमलं. शिल्पानं पुस्तकं रद्दीवाल्याला स्वतः मोजून दिली आणि आईशी बोलणंच सोडलं. भांडली असती तर बरं झालं असतं, असं कुसुमला रोज वाटायचं.

मे महिन्यात कुसुम लग्नाची पत्रिका द्यायला हदगावला गेली. पिशवीत नणंदेचं लुगडं, दाजींचा टॉवेल-टोपी आणि वर व्यंकटनं आठवणीनं ठेवलेलं बिडीबंडल. ते बघून नणंद, साखराबाई, कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "हे कशाला आणलंस बाई? त्यांनी बिडी सोडून तीन वर्सं झाली. नांदेडच्या डाक्टरनं सांगितलं, छातीत डाग हाय."

कुसुमला आधी कळलंच नाही. "अन् मग आमच्याकडं, अक्का?"

"तुमच्याकडंच तेवढी. म्हणतात, व्यंकट एवढ्या मायेनं काडी धरतो, त्याला नको कसं म्हणू? त्याचं मन मोडंल. तिकडून आले की आठ दिवस खोकत राहतात."

तेवढ्यात दाजी शेतातून आले. बंडल दिसलं. खाटेवर बसून त्यांनी निमूटपणे बिडी काढली. "व्यंकटनं धाडली व्हय?" म्हणत चुलीतलं जळकं काटूक हातात घेतलं.

"दाजी, टाका ती!" कुसुम ओरडली. आवाज स्वतःलाच परका वाटला. "नका वढू!"

दाजींनी तत्काळ बिडी चुलीत टाकली. राग नाही, रुसवा नाही. उलट हसले, लहान पोरासारखे मोकळे. "सुटलो बा! एवढं आधीच म्हणायचं न्हाई का कुसुमबाई? मी कवाच टाकली असती." मग पत्रिका हातात घेऊन म्हणाले, "आपली शिल्पा बरी हाय न्हवं आता?"

कुसुमनं तोंडात पदर कोंबला, पण हुंदका काही आवरला नाही. ती तिथंच खाली बसली आणि मोठ्यानं रडायला लागली. दाजी घाबरून पाणी आणायला धावले. साखराबाईनं तिला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला. "उगी, उगी. लेक सासरी निघाली की आईचं असंच हुतंय."

"हाव, अक्का," कुसुम म्हणाली, आणि दाजींनी आणलेलं पाणी ती प्यायली.