घरच्या पत्त्यावरून

रऊफ संगणक दुरुस्ती आपली आपणच शिकलेला. फुकटच्या मेलवाल्यांनी त्याचे दहावीस अर्ज जाऊ दिले आणि खातंच बंद केलं, तेव्हा त्यानं अकोल्याच्या घरात मेल पाठवणारी स्वतःची मशीन उभी केली. म्हणाला, "गेले खड्ड्यात! माह्या घरून धाडतो."

अर्ज धामणगावकडच्या कास्तकारांचे. बियाणं उगवलंच नव्हतं. कृषी खात्याच्या साहेबानं येऊन पंचनामा करायचा, मगच वखर फिरवून पुन्हा पेरायचं. आधी वखरलं तर पुरावाच मातीत. त्यात रऊफची मोठी बहीण सईदा. नवरा गेल्यापासून शेत तीच पाहायची.

सामायिक अर्ज कचेरीत कोणी हातात घेत नाही, हे इकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणून रऊफनं एकच मजकूर लिहिला, खाली नाव तेवढं बदललं आणि लाईट होती तेवढ्यात अख्खं गाव अमरावतीच्या कृषी कचेरीला धाडून दिलं. पलीकडच्या मशीननं प्रत्येक अर्जाला 'मिळाला' असं उत्तर दिलं.

"आपा, पोचलं. वखर घालू नको."

"पक्कं ना रे? ओल वाळली का वाफसा निघून जाईन."

"मशीनच सांगून राहिली, आपा."

कोणी आलं नाही. त्या वर्षी मुंबईचे पत्रकार वऱ्हाडात मेलेली माणसं मोजायला यायचे. जित्या माणसाचा अर्ज पाहायला कुत्रं फिरकत नव्हतं. सईदा रोज फोन करायची, रऊफ रोज थांब म्हणायचा. शेवटी त्यानं अमरावतीची बस धरली.

कचेरीतला संगणक गोपाळकृष्ण सांभाळायचे. त्यांनी आलेल्या मेल दाखवल्या. रऊफची एकही नव्हती.

"तुमची मशीन तर मिळालं म्हणे!"

"घेते ती. मंग कचऱ्यात टाकते, अन् कचरा आपोआप पुसल्या जाते. घरचं कनेक्शन तुमचं, लाईट गेली का नेटवरचा पत्ता बदलते. आधी त्याच पत्त्यावरून कोणी फालतू जाहिराती धाडल्या असतीन. वरून तुमचे एवढे अर्ज, शब्दाले शब्द सारखा. तिनं तुमाले भामटा समजलं."

"मी भामटा? अन् बोगस बियाणं इकणारा?"

"त्याचा पत्ता पक्का असते, भाऊ." गोपाळकृष्ण हसले नाहीत. "एकच अर्ज धाडला असता, तर आला असता बी."

"सामायिक चालत नाही म्हणता ना तुमीच!"

कागदावर द्या, साहेब दौऱ्यावरून आले की ठेवतो, एवढंच ते म्हणाले.

बसस्टँडवरून रऊफनं फोन लावला. "आपा, वखर घाल. कोणी येत नाही."

"आता?" सईदा म्हणाली. "जमीन दगडावानी झाली. तू म्हणला म्हणून मी थांबली, अन् मी थांबली म्हणून सारे थांबले. दारात बसून आहेत. त्याइले काय सांगू, ते सांग."

तिनं फोन ठेवला नाही. दारात बसलेल्यांची कुजबुज त्याला ऐकू येत राहिली.