हाच, याच्यासारखा नाही

टेलरमास्तरांच्या हाताला एक खोड होती. कोटाला अमुकच अस्तर हवं असं गिऱ्हाईक बजावून गेलं, की मास्तर त्याच रंगाचं, त्याच झळाळीचं, पण जरा हलकं अस्तर लावायचे आणि पैसेही तेवढे कमी घ्यायचे. फसवणूक म्हणावी, तर एक छदामही स्वतःच्या खिशात टाकत नव्हते. आपण लोकांचं भलंच करतो, अशी त्यांची प्रामाणिक समजूत. "आत असतं ते. आतलं कोण बघतंय?" असं म्हणत ते सुईत दोरा ओवायचे.

बायको समोर बसून काजं करायची. मान वर न करता ती म्हणायची, "वर बसलाय तो बघतो. त्याला आधी आतलंच दिसतं."

"त्याला कोट शिवायचा नाहीये," मास्तर म्हणायचे, आणि दोघंही हसायची.

त्यांना एकच लेक. चांगलं नाव शाळेच्या दाखल्यावर राहिलं, घरात ती ठमीच. लहानपणी ती चिंध्यांवर खडूने माणसं काढायची, आणि मोठी झाल्यावर तिला ती माणसं चालवायची होती. चित्रपट करायला शिकवणाऱ्या एका संस्थेत प्रवेश हवा होता. त्यासाठी चित्रांची एक छोटी फिल्म शनिवारी संध्याकाळच्या आत पाठवायची होती. गोष्ट घरचीच, एका रात्री शिंप्याच्या दुकानातले कपडे उठून चालायला लागतात अशी. चित्रं कागदावर तयार होती, पण ती जोडून हलती करायला कॉम्प्युटर हवा. तयार कॉम्प्युटर ऐपतीबाहेरचा. ठमी म्हणाली, "सुटे भाग आणू, मी जोडते."

मग तिने एकेक भाग असा निवडला, की सोयरीक जुळवणाऱ्यांनी तिच्याकडे शिकायला यावं. या बोर्डावर कुठला प्रोसेसर बसतो, कुठली मेमरी खाचेत जाते आणि कुठली नुसती जाईलशी वाटते, वीज पुरवणारा डबा सगळ्यांना पुरेल का. जेवताना तेच, केस विंचरताना तेच. बाकीचे भाग घरी आले. राहिला प्रोसेसर, म्हणजे या सगळ्या बिऱ्हाडाचा कर्ता पुरुष. नेमका तेव्हा ठमीला ताप भरला.

"मी आणतो की," मास्तर म्हणाले. "दोरे आणायला त्याच बाजूला जायचंय."

ठमीने त्यांच्या मोबाइलवर नाव पाठवलं आणि अंथरुणातून दोनदा बजावलं, "बाबा, हाच. याच्यासारखा नाही, हाच."

"अगं, कापड ओळखण्यात जन्म गेला माझा."

"हे कापड नाही, बाबा."

दुकानदाराने तो प्रोसेसर काढून ठेवला आणि शेजारी दुसरा ठेवला. "कंपनी तीच, नंबर तोच, ताकद तीच. हा जरा स्वस्त पडेल. ग्राफिक्स कार्ड वेगळं लावणारच असाल ना?"

आता ग्राफिक्स कार्ड म्हणजे काय, हे मास्तरांना कुठून कळावं! पण दुकानात उभं राहून अडाणी कोण दिसेल? गिऱ्हाइकं कापडाचं नाव न कळताही मान हलवतात, हे त्यांनी जन्मभर पाहिलेलं. तशीच त्यांनी मान हलवली. घरी फोन लावावा असं एकदा मनात आलं. पण पोरगी तापात झोपली असेल, आणि नंबर तर तोच आहे. उरलेल्या पैशांत त्यांनी ठमीसाठी टेबलावरचा एक छानसा दिवा घेतला, हिरव्या टोपीचा. हौसेला मोल नसतं.

ताप उतरल्यावर ठमी जमिनीवर चादर पसरून बसली. प्रोसेसर बोर्डावर बसवताना तिने श्वास रोखला. आनंदाच्या भरात त्याच्यावरची अक्षरं वाचली कोणी? बापाने आणलेला, म्हणजे तोच. त्यावर पंखा चढला, वायरी जोडल्या, बटण दाबलं. पंखे फिरले, आतला दिवा लागला. आईने हात जोडले.

पडदा मात्र काळाच. सिग्नल नाही, एवढीच काय ती अक्षरं येऊन विझली.

"थोडा वेळ घेत असेल," मास्तर म्हणाले. "नवीन सुनेला घर कळायला वेळ लागतो."

ठमी हसली. पण त्या संध्याकाळी ती पुन्हा हसली नाही. मेमरी काढून घातली, वायर बदलली, सगळा संसार उसवून पुन्हा शिवला. ओळखीपाळखीच्यांना विचारलं, तेही आपण मागितलेल्याच प्रोसेसरचं नाव सांगून. मग सल्ले तरी बरोबर कसे मिळावेत? कोणी म्हणे मेमरी बघ, कोणी म्हणे बोर्ड गेला. प्रोसेसरला तिने हात लावला नाही. पंख्याखालचा उष्णता ओढून घेणारा लेप एकदा उकलला की पुन्हा लावायला लागतो, आणि तो तिच्याकडे नव्हता.

"माझ्याच हाताने काहीतरी बिघडलं असणार," ती आईला म्हणाली. "बसवताना जरा जास्तच दाबलं मी."

मास्तर मशीनवर बसून ऐकत होते.

प्रोसेसरचं खोकं त्यांनी कापून ठेवलं होतं. पुठ्ठा चांगला कडक, कॉलरचा साचा करायला नामी. गुरुवारी सकाळी तो साचा कापडावर ठेवून ते खडू फिरवत होते, तेव्हा कडेला बारीक छपाईची एक ओळ दिसली. चष्मा पुसून त्यांनी अक्षरं लावली. पडद्यावर चित्र दिसायला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागेल, असा तिचा मथितार्थ. दुकानदाराचा प्रश्न आठवला, आपली हललेली मान आठवली. चित्र दाखवणारा भाग त्या स्वस्त प्रोसेसरच्या पोटात नव्हताच. बाहेरून तोच. आत हलकं अस्तर.

आतल्या खोलीत पोरगी स्वतःला दोष देत होती. मास्तरांनी उठून दारापर्यंत जायचं होतं, चार शब्द बोलायचे होते. देवाने जीभ दिली ती अशाच वेळेसाठी. पण माणसाची लाज मोठी चलाख. ती कानात म्हणते, आज नको, आधी निस्तर, मग सांग. साचा त्यांनी कातरणांच्या टोपलीत खाली दडपला.

"दोरे संपले," म्हणाले, आणि बाहेर पडले.

"परवाच तर आणलेत की!" बायको मागून म्हणाली.

दुकानदाराने फोडलेला माल परत घेतला नाही. बरं, नवा घ्यावा म्हटलं, तर हवा तो आदल्याच दिवशी विकला गेलेला. "सोमवारी येईल."

"त्याआधी काही...?"

"सोमवारीच, काका."

शुक्रवारी मास्तरांनी एका सदऱ्याच्या दोन्ही बाह्या डाव्या शिवल्या. आणखी एका दुकानात जाऊन आले, तिथेही नव्हता. ठमीने बोर्ड उचकटून पुन्हा बसवला. आईने डोक्यावर हात ठेवला, तर म्हणाली, "राहू दे गं आई. मला जमत नाही, तर जमतं म्हणायचंच कशाला? संस्थेत तरी काय करणार मी?"

हे मात्र मास्तरांना सोसलं नाही. पैसा जाणं वेगळं आणि पोरीचा स्वतःवरचा विश्वास उडणं वेगळं. तरी बोलायला शनिवारची दुपार उजाडली. टोपलीतून साचा काढून त्यांनी तिच्यापुढे ठेवला.

"तुझ्या हातून काही बिघडलं नाही. मी दुसरा आणला. जरा स्वस्त होता."

ठमीने ओळ वाचली. रागावेल असं त्यांना वाटलं होतं. रागावली असती तर बरं झालं असतं.

"तुम्हाला कधी कळलं?"

"परवा."

"परवा," ती म्हणाली. मग हळूच, "बाबा, माझ्या मैत्रिणीकडे जुनं ग्राफिक्स कार्ड पडून आहे. तिने मला विचारलंही होतं, हवंय का म्हणून. मी म्हटलं, माझ्या प्रोसेसरला गरज नाही."

बायकोच्या हातातली सुई थांबली. एवढीच गोष्ट होती तर. चूक दुकानात झाली ती पावशेर, घरात गप्प बसून तिचा मण झाला.

ठमी धावत जाऊन कार्ड घेऊन आली. खाचेत बसवलं, बटण दाबलं, आणि पडदा उजळला. तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही नीट, लगेच कामाला बसली. चित्रांचे फोटो आत घालायचे, जोडायचे, हलवायचे. दोन दिवसांचं काम दोन घटकांत कसं उरकावं? आई पाणी ठेवून गेली, ते तसंच राहिलं. मास्तर कागद उचलून देत राहिले, तिने मागायच्या आधीच पुढचा. पहिला कोट खुंटीवरून उतरला. बाह्या सावरून दोन पावलं चालला. तेवढ्यात संस्थेच्या वेबसाइटवर मुदत संपल्याची पाटी आली.

"पुढच्या वर्षी," आई म्हणाली.

"हो," ठमी म्हणाली.

तिने फिल्म नंतर पुरी केली. गोड झाली. शेवटी एक अर्धवट सदरा दाराबाहेर जातो आणि मागे वळून हात हलवतो. मास्तरांना तिने ती दाखवली, पुढे बसवून समजावूनही सांगितली. टोमणा नाही, अबोला नाही. लेक गुणाची. काही दिवसांनी तिला मेमरीची आणखी एक पट्टी हवी होती. मास्तर चपला घालत म्हणाले, "मी आणू? त्याच बाजूला..."

"नको बाबा," ठमी मायेने म्हणाली. "मी जाते."

मास्तरांनी चपला काढून पुन्हा नीट लावून ठेवल्या.

ती गेल्यावर त्यांनी खुंटीवरचा एक तयार कोट उतरवला. संध्याकाळी गिऱ्हाईक तो न्यायला येणार होतं. त्यांनी तो उलटा केला आणि अस्तराची शिवण उसवायला घेतली.

"अहो, तक्रार आली का काही?" बायकोने विचारलं.

"नाही."

हिरव्या टोपीचा दिवा आता मशीनवर होता. 'बाबा, तुम्हालाच जास्त लागतो,' म्हणत ठमीने आदल्याच दिवशी तो तिथे आणून ठेवला होता. बायकोने तो जरा जवळ सरकवला. उजेड कोटाच्या आत पडला, आणि मास्तर एकेक टाका मोजल्यासारखे उसवत बसले.