सुनेचे केस

ताईंचा स्वतःबद्दल एक ठाम समज होता, तो म्हणजे आपण फार पुढारलेल्या आहोत. त्याला त्यांच्याकडे पुरावाही होता. तीस वर्षांपूर्वी घरच्यांचा विरोध पत्करून, अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडून त्यांनी मनासारख्या माणसाशी लग्न केलं होतं. आता तो माणूस त्यांच्याच भाषेचा, त्यांच्याच रंगाचा, चार घरं सोडून राहणारा होता आणि विरोध फक्त त्याच्या पगाराला होता, ही बारीकसारीक माहिती ताई गाळायच्या. "आम्ही त्या काळी बंड केलं," एवढंच सांगायच्या. ऐकणारीच्या मानेवर कात्री चालू असल्यामुळे तिला उठून जाता यायचं नाही.

ताईंचं ब्युटी पार्लर होतं. तीन खुर्च्या, दोन बेसिन, आणि वीस वर्षं टिकून राहिलेली एक मदतनीस. त्या भागातली नवरी म्हणजे ताईंच्या हातची, हे लोकांनी इतक्या वेळा म्हटलं होतं की ताईंनाही ते खरं वाटायला लागलं होतं. घरी नवरा होता, तो फारसा बोलत नसे, आणि एकुलता एक मुलगा होता, तो बोलला तर एकदम बोलायचा. तसा तो एका रविवारी बोलला आणि त्याच संध्याकाळी मुलीला घेऊनच आला.

मुलगी लिफ्टची तपासणी करायच्या नोकरीत होती. हुशार, हसरी, बोलायला मोकळी. तिचे आजी-आजोबा समुद्र ओलांडून इथे आलेले. वंश वेगळा, रंग गडद काळा, आणि केस असे दाट कुरळे की डोक्याभोवती आपापले उभे राहिलेले. ताईंची नजर त्या केसांवरच अडकली. पण गिऱ्हाइकांकडे बघून हसायची तीस वर्षांची सवय कामी आली, आणि चहाचा पहिला घोट घेऊन त्या म्हणाल्या, "आमच्याकडे रंगबिंग कोणी बघत नाही हो." रंगाचा विषय कोणी काढलाच नव्हता. मुलाने डोळे मिटून घेतले.

हे सगळं ताई आता स्वतःच सांगतात, आणि सगळ्यात जास्त त्याच हसतात.

दुसऱ्या दिवसापासून त्या लढाईच्या तयारीला लागल्या. लोक नावं ठेवणार, नातेवाईक नाकं मुरडणार, आणि आपण सुनेच्या बाजूने छातीचा कोट करून उभ्या राहणार, असं सगळं ठरलं. उत्तरं पाठ करून झाली. पहिला बार त्यांनी बँकेत काम करणाऱ्या जुन्या गिऱ्हाइकावर उडवला. ती म्हणाली, अय्या, माझा जावई त्यांच्यातलाच की! आणि केसांना रंग लावलेला असतानाच मोबाइल काढून नातीचे चाळीस फोटो दाखवले. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने सगळं ऐकून घेतलं आणि सूट किती तारखेला हवा ते विचारलं. राहता राहिली नवऱ्याची ऐंशी वर्षांची आत्या. तिच्यावर ताईंची फार भिस्त होती, कारण आत्याने आजवर कुठल्याच लग्नाला चांगलं म्हटलं नव्हतं. आत्या म्हणाली, "लिफ्टमधलं कळतं तिला? मग आमच्या इमारतीची बघायला सांग. चार महिने बंद पडलीये मेली."

ताईंचा पार हिरमोड झाला. एवढं धैर्य गोळा करून ठेवलं, आता त्याचं करायचं काय? जग कधीच पुढे निघून गेलं होतं आणि ह्या आपल्या रिकाम्या रस्त्यावर झेंडा धरून उभ्या. विरोधक शोधून सापडेना. आणि एक होता, तो आरशात दिसत होता, पण आरसा पुसण्यापलीकडे ताईंनी त्याच्याकडे कधी लक्ष दिलं नव्हतं.

लग्नाला पंधरा दिवस राहिले तेव्हा सून जेवायला आली होती. सगळ्यांसमोर ती म्हणाली, "काकू, लग्नाच्या दिवशी माझे केस तुम्हीच करायचे."

"हे काय विचारणं झालं?" ताई म्हणाल्या, आणि घाईघाईने वाढायला उठल्या.

कारण तीस वर्षांत तसल्या केसांना त्यांनी हात लावला नव्हता. शिकताना कोणी शिकवलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. तसे केस घेऊन कोणी बाई दारात आली की ताई म्हणायच्या, आज वेळ नाही हो, फार गर्दी आहे. मदतनीस तर इतकी तयार झाली होती की न सांगता अपॉइंटमेंटची वही काढून पानं उलटायला लागायची. उगाच कोणाचं डोकं बिघडवण्यापेक्षा नाही म्हटलेलं बरं, असं ताई स्वतःला सांगत आणि त्याला प्रामाणिकपणा म्हणत. आता मात्र नाही म्हणायची सोय नव्हती. नाही म्हटलं तर सून दुरावणार, आणि सुनेच्या मागोमाग मुलगा.

आठ दिवस त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ बघितले. व्हिडिओत सगळं छान जमत होतं. मग दुकान बंद असायच्या दिवशी सुनेला सराव म्हणून बोलावलं. तिच्याबरोबर तिची आईही आली. विहीणबाई इस्पितळात नर्स होत्या, कमी बोलायच्या. पर्स मांडीवर ठेवून त्या बाकावर बसल्या. ताईंनी सुनेला खुर्चीत बसवलं, आपला नेहमीचा बारीक दातांचा कंगवा घेतला, आणि कोरड्या केसांत थेट मुळाशी घातला. कंगवा आत गेला तो गेलाच. ओढला तर सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. आणखी ओढला तर दोन दात तुटले आणि थोडे केस हातात आले. विहीणबाई अर्ध्या उठल्या. लेकीने आरशातून खूण केली तशा पुन्हा बसल्या. हल्ली कंगवेसुद्धा चांगले मिळत नाहीत, असं काहीतरी ताई पुटपुटल्या. नाचता येईना, अंगण वाकडं.

सुनेने डोळे पुसले. "काकू, असे केस तुम्ही आधी कधी केलेत?"

हजारदा, हा शब्द ताईंच्या अगदी ओठांवर आला होता. पण आरशात पोरगी त्यांच्याकडे बघत होती, आणि आता थाप मारली तर ती जन्मभर दोघींच्या मध्ये बसून राहील हे त्यांना कळलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "एकदाही नाही."

"माहितीये मला. मी आले होते इथे. शाळेत होते तेव्हा, आईबरोबर. शाळेचा कार्यक्रम होता. तुम्ही म्हणालात, वेळ नाही. तिन्ही खुर्च्या रिकाम्या होत्या."

ताईंनी ती मुलगी आठवून बघितली. आठवेना. एक असती तर आठवली असती. अशा कितीतरी आल्या होत्या आणि ताईंनी कोणाच्या चेहऱ्याकडे पाहिलंच नव्हतं. विहीणबाई पर्सच्या पट्ट्याशी चाळा करत होत्या.

"मग मला कशाला सांगितलंस, बाई?"

"वाटलं, इतक्या वर्षांत शिकला असाल."

आवाजात राग नव्हता, म्हणून जास्तच लागलं. ताईंना इतकी लाज वाटली की धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण धरणीला टाइल्स बसवून घेतलेल्या होत्या, तीही सोय नव्हती. चुकलं माझं, असं त्या म्हणाल्या. तेव्हा विहीणबाई उठल्या, पर्समधून मोठ्या दातांचा कंगवा आणि तेलाची बाटली काढली, आणि पाण्याची बाटली कुठे आहे म्हणून विचारलं. केस आधी ओले करायचे, मग टोकाकडून सोडवत वर जायचं, एवढं ताईंना त्या दिवशी कळलं. त्या चिमटे धरून उभ्या राहिल्या.

लग्नाच्या सकाळी सून पार्लरमध्येच तयार झाली. विहीणबाईंनी दोन तास उभ्याने काम केलं. बारीक बारीक वेण्या टाळूलगत घालत नेल्या आणि वर नेऊन त्यांचा असा अंबाडा बांधला की मदतनीस पापणी मिटायची विसरली. ताई चिमटे देत होत्या, पाणी मारत होत्या. विहीणबाई हात धुवायला बेसिनकडे वळल्या आणि नेमकी तेव्हाच बँकवाली गिऱ्हाईक आत आली, मागोमाग आणखी पाच-सहा जणी, सगळ्या एकेकाळच्या ताईंच्याच हातच्या नवऱ्या.

"ताई, काय हात आहे हो तुमचा!" बँकवाली म्हणाली, आणि बाकीच्यांनी री ओढली.

नुसतं हसून मान डोलावली असती तरी भागलं असतं. विहीणबाईंची पाठ होती. सून गप्प बसली असती. त्या दुकानात ती पूर्वीही गप्प बसून परत गेली होती. ताईंचं तोंड हसायला उघडलंसुद्धा होतं.

"माझा नाही," त्या म्हणाल्या. "विहीणबाईंचा हात आहे. मला हे येत नाही. कधी शिकलेच नाही. असे केस घेऊन बाई आली की रिकाम्या दुकानातून वेळ नाही सांगून परत पाठवायचे मी."

बँकवालीच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. तिला आपली नात आठवली असणार. तिने विचारलं, "मग इतकी वर्षं त्या बायका जायच्या कुठे?"

ताईंनी तीस वर्षं दुकान चालवलं, पण हा प्रश्न त्यांच्या डोक्यात एकदाही आला नव्हता.

"माझ्याकडे," टॉवेलला हात पुसत विहीणबाई म्हणाल्या. "रविवारी सकाळी. स्वयंपाकघरात स्टूल ठेवायचे मी. कधी पाच असायच्या, कधी सहा. ह्या दुकानातून आलेल्याही असायच्या."

पुढे टोमणा येईल म्हणून ताई वाट बघत राहिल्या. आला असता तर बरं झालं असतं, टोमणा परतवण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण विहीणबाई नुसतं सांगत होत्या, कोणी पत्ता विचारला की सांगतो तसं. ताई खाली वाकल्या आणि फरशीवर पडलेल्या पिना एकेक करून वेचायला लागल्या. सगळ्या वेचून झाल्या तरी बराच वेळ त्या तशाच वाकलेल्या होत्या.