वगातला सावकार

सयाजींनी हात वर केला आणि ढोलकी थांबली. नारायणगावातल्या पत्र्याच्या शेडमध्ये तमाशाच्या फडाची तालीम चालली होती. वगातला सावकार झालेला संपत विधवेची म्हैस सोडून नेता नेता तसाच उभा राहिला. हातात कासरा, आणि कासऱ्याला म्हैस नाही.

"ह्याला सावकार म्हनायचं न्हाई," सयाजी म्हणाले.

फडाच्या मालकीण इंद्रायणीबाई लगबगीनं पुढं आल्या. सत्त्याण्णवच्या दसऱ्याला फड बाहेर काढायचा तर ट्रक, तंबू, कलाकारांची उचल, सगळं सयाजींच्या पैशावर. आसपासच्या निम्म्या फडांना तेच पैसा पुरवत. दुकानावर 'फायनान्सर' अशी पाटी लावून काही वर्षं झाली होती, तरी लोक त्यांना सावकारच म्हणत. तोंडावर नाही, इतकंच.

बाई सारवासारव करणार तोच वग लिहिणारा रुपेश बोलला. तो पुण्याला मराठीत एम.ए. करत होता आणि गप्प बसणं त्याला कधी जमलं नव्हतं.

"दादा, शब्द वाईट नाय. मूळ साधू. साधूचा साहू झाला, साहूचा साव. लोकांचा मोठा पैसा सांभाळायचा तर माणूस खरा पायजे, म्हणून सावकार."

सयाजींनी त्याच्याकडं निरखून पाहिलं. पोरगं थट्टा करत नव्हतं.

"मंग हे वगात घाला की," ते म्हणाले. "संपतच्या तोंडी. कळू द्या लोकांना."

अर्धे पैसे त्यांनी तिथंच दिले. उरलेले पहिल्या खेळानंतर द्यायचे ठरले.

पहिला खेळ पेठला लागला. कासरा धरून संपत म्हणाला, "सावकार म्हंजे मुळात साधू," आणि सगळा तंबू हसला. माणसं मांड्या बडवत होती, बायकांनी तोंडाला पदर लावले होते. संपतला पुढचं वाक्य सुरू करायला जागाच मिळेना. पहिल्या रांगेत सयाजी ताठ बसले होते. पडद्याआडून त्यांना पाहताना इंद्रायणीबाईंना वाटलं, गेला आपला हंगाम. आणि खरं सांगायचं तर त्यांनाही हसू येत होतं; त्याचाच त्यांना जास्त राग आला.

सकाळी सयाजी एकटेच तंबूवर आले. बाईंनी त्यांना बोलूच दिलं नाही.

"दादा, काढते ते वाक्य. आज रातीच."

ते पेटाऱ्यावर बसले.

"बायांच्या बाजूला आमची चिमाबाई व्हती," ते म्हणाले.

"वैनी? सांगायचं तरी. खुर्ची टाकली असती."

"लई हसली. लगीन झाल्यापासनं तिला एवढी हसताना मी पाह्यली न्हवती. घरी जाताना इचारलं, का हसलीस? तर परत हसली."

सयाजींनी उरलेले पैसे बाईंच्या हातात दिले आणि ते उठले.

"मंग वाक्य?" बाईंनी विचारलं.

"ऱ्हाऊ द्या," चपला पायात सरकवत ते म्हणाले. "मंचरच्या खेळाला परत न्या म्हनतीय."