मीठ-मिरच्या

डॉ. पूर्णिमा विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकवायच्या. दवाखान्याबाहेर झालेल्या मृत्यूचं कारण घरच्यांशी बोलून कसं जाणून घ्यावं, हा त्यांचा विषय. दुःखाच्या घरातून निघताना ‘येते’ म्हणू नये, हे कोल्हापूरकडच्या पोरींना शिकवावं लागत नाही. शिकवावं लागतं ते गप्प बसणं. आपण नुसतं ऐकायचं, कारण ठरवायला नंतर दोन डॉक्टर असतात. विचारणाऱ्यानंच मत दिलं की लोक त्याला जुळतील अशी उत्तरं देऊ लागतात. हा नियम पूर्णिमांनी इतकी वर्षं डोळ्यांत तेल घालून जपला होता.

त्या दिवशी कुरुंदवाडजवळच्या एका गावात त्यांच्याबरोबर नसरीन ही विद्यार्थिनी होती. समोर बसलेल्या चिमणाबाईंची लेक अनुजा पहिलटकरीण, माहेरी आलेली. महिन्यापूर्वी, दिवस भरायच्या आधीच, एका सकाळी घरात बाळंत झाली आणि रक्त थांबेना. दवाखान्याची गाडी आली ती दुपारी. पोर वाटेतच गेली. बाळ तेवढं वाचलं, आणि तेव्हापासून दवाखान्यात काचेच्या पेटीत होतं.

चिमणाबाईंनी सगळं सांगितलं, डोळ्यांतून टिपूस न काढता. मग पदराचं टोक पिळत म्हणाल्या, "बाई, एक इचारू? गाडी दारात हुती. सगळी गल्ली टकामका बघाय लागली, म्हणून म्या गाडी थांबवली. मीठ-मिरच्या घिऊन दिष्ट काढली. तेवढ्या उशिरानंच गेली का वं माझी पोर?"

नसरीन पूर्णिमाबाईंकडे बघायला लागली. त्यांच्या ओठांवर उत्तर तयार होतं: ते डॉक्टर ठरवतील. वर्गात किती ठणकावून सांगायच्या! पण समोरची बाई आतल्या आत स्वतःला खात होती, आणि हिला तसंच सोडून उठायचं? त्यांना आपल्याच नियमाचा राग आला.

"नाही, मावशी," त्या म्हणाल्या. "रक्त सकाळपासून जात होतं. गाडीच फार उशिरा आली. तुमच्या मीठ-मिरच्यांनी काही झालं नाही."

चिमणाबाई तेव्हा रडल्या, हमसून हमसून रडल्या. नसरीननं उठून त्यांना पाणी दिलं.

बऱ्याच वेळानं त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

"उद्या बाळ घरी येतंय," त्या चाचरत म्हणाल्या. "दारात त्याची दिष्ट काढली तर चालंल न्हवं?"

"काढा की," पूर्णिमा म्हणाल्या. "सावकाश काढा, मावशी."